धुलाईयंत्राची मोटर : बिघाड आणि त्याचा शोध

समोरून कपडे भरावयाच्या धुलाईयंत्राचे दार बंद होते, पाणी भरते, साबण विरघळतो. पण ड्रम मात्र फिरत नाही. काही क्षण घूं घूं असा आवाज येतो, किंवा तोही येत नाही, आणि अखेरीस फलकावर एखादा सांकेतिक आकडा लुकलुकू लागतो. अशा वेळी घरात आणि दुरुस्तीच्या दुकानात बहुधा एकच निदान ऐकू येते : "मोटर गेली." हे निदान पुष्कळदा चुकीचे असते. मोटर हा यंत्रातील महाग भागांपैकी एक आहे. ती बदलूनही यंत्र चालले नाही की नियंत्रण-फलक बदलला जातो. आणि दोन्हींचे पैसे मोजून झाल्यावर दोष एखाद्या तुटलेल्या तारेत किंवा झिजलेल्या कार्बन ब्रशांत होता असे उघडकीस येते. फलकावरील आकड्याने हा घोटाळा मिटत नाही. "मोटरीला फिरण्याची आज्ञा दिली, परंतु ती फिरल्याची सूचना परत आली नाही" एवढेच तो आकडा सांगतो. ती का फिरली नाही, हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून शोध घ्यावयाचा तो ठराविक क्रमाने. ड्रम मोकळा आहे काय, हे प्रथम पाहावयाचे. मोटरीपर्यंत वीज पोहोचते काय, हे त्यानंतर. आणि या दोन्ही गोष्टी ठीक असतील तरच मोटरीवर संशय घ्यावयाचा. हा क्रम समजण्यासाठी मोटरीला कोणते काम करावे लागते ते आधी पाहिले पाहिजे.

मोटरीचे दुहेरी काम

समोरून भरावयाच्या यंत्रात ड्रम आडव्या आसावर फिरतो. कपडे ड्रमबरोबर वर चढतात आणि माथ्याजवळ पोहोचताच खाली पाण्यात आपटतात. नदीकाठच्या दगडावर कपडे आपटण्याचीच ही सौम्य आवृत्ती होय. ड्रमचा व्यास ४८ सेंटिमीटर धरला, तर मिनिटाला सुमारे ६१ फेऱ्यांच्या वेगास कडेवरील कपड्यावरचे केंद्रोत्सारी बल त्याच्या वजनाइतके होते, आणि कपडा कडेला चिकटूनच राहतो. म्हणून धुताना वेग त्याहून कमी, ५० फेऱ्यांच्या आसपास ठेवतात. कपडे पिळताना नेमके उलट हवे असते. मिनिटाला १,२०० फेऱ्या घेणाऱ्या याच ड्रमच्या कडेवर हे बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८५ पट होते, आणि कपड्यांतील पाणी छिद्रांतून बाहेर फेकले जाते.

एकाच मोटरीने हे दोन्ही वेग द्यावयाचे, शिवाय धुताना थोड्याथोड्या वेळाने दिशाही बदलावयाची, ही सोपी मागणी नव्हे. अमेरिकेत १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीने घरगुती वापराचे पहिले स्वयंचलित, समोरून भरावयाचे यंत्र लोकांपुढे आणले; ते जमिनीला बोल्टने जखडावे लागे. पुढे कित्येक वर्षे अशा यंत्रांत दोन स्वतंत्र गुंडाळ्यांची प्रवर्तन मोटर वापरली जाई. ५० हर्ट्‌झच्या विजेवर १६ ध्रुवांच्या गुंडाळीने मिनिटाला जवळजवळ ३७५ फेऱ्यांचा मंद वेग मिळे, तर दोन ध्रुवांच्या गुंडाळीने ३,००० फेऱ्यांच्या जवळचा. मधला कोणताही वेग तिला साधत नसे.

यानंतर आली ती सार्वत्रिक मोटर. स्वयंपाकघरातील मिक्सरमध्ये आणि सुताराच्या विजेच्या गिरमिटात असते तीच ही जात. मिक्सर चालू असताना खालच्या फटींतून निळसर ठिणग्या दिसतात, त्या या मोटरीच्या कार्बन ब्रशांवरच्या होत. तिच्या आसावर एक बारीक कप्पी असते; त्या कप्पीवरून एक पट्टा ड्रममागील मोठ्या कप्पीवर जातो. ड्रमची एक फेरी होईतो मोटरीच्या बारा-पंधरा फेऱ्या होतात. म्हणजे पिळताना मोटर मिनिटाला चौदा-पंधरा हजार फेऱ्यांपर्यंत जाते. तिचा वेग मोजण्यासाठी आसाच्या टोकाशी एक वर्तुळाकार चुंबक आणि त्याच्याभोवती तारेचे वेटोळे असते. या वेगमापकाकडून आलेल्या स्पंदनांनुसार नियंत्रण-फलक मोटरीची वीज कमीअधिक करतो.

अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत ब्रश नसलेल्या कायम चुंबकाच्या मोटरी असतात. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने १९९१ मध्ये आपल्या वरून भरावयाच्या यंत्रात पट्टा काढून टाकून अशी मोटर थेट ड्रमच्या आसावरच बसविली. नंतर इतरांनीही ही रचना स्वीकारली. तथापि भारतातील घरांत सार्वत्रिक मोटरीची यंत्रे अद्याप पुष्कळ आहेत, आणि दुरुस्तीस योग्य असे दोषही त्यांच्यातच अधिक आढळतात. म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांना धरून केले आहे.

हात लावण्यापूर्वी

धुलाईयंत्रात पाणी आणि २३० व्होल्टची वीज एकमेकांपासून वीतभर अंतरावर नांदत असतात. यंत्र बहुधा न्हाणीघरात किंवा ओल्या गॅलरीत असते, आणि तपासणारा माणूस पुष्कळदा अनवाणी. बटण बंद केले एवढ्याने भागत नाही. जोडणीत तारांची अदलाबदल झालेली असेल तर बटण बंद असूनही आत वीज राहते. प्लग खेचून काढावा आणि तो सर्वांना दिसेल असा बाहेर ठेवावा. टाकीतील पाणी पुढच्या बाजूच्या गाळणीतून काढून टाकावे. ब्रशविरहित मोटरीच्या यंत्रात नियंत्रण-फलकावरील कपॅसिटरांत सुमारे ३२५ व्होल्टचा भार प्लग काढल्यावरही काही मिनिटे टिकून राहतो, त्यामुळे तेथे थांबणे आवश्यक आहे.

यंत्राच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, किंवा घरातील गळती-संरक्षक खटका ते सुरू होताच पडत असेल, तर यंत्र पुन्हा लावून पाहू नये. अर्थिंगची तार तोडून वा दोन पिनांचा प्लग लावून खटका पडणे थांबविण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. त्याने दोष नाहीसा होत नाही. खटक्याने जो प्रवाह ओळखला असता तो माणसाच्या शरीरातून जमिनीत जाण्याची वाट मोकळी होते.

ड्रम, पट्टा आणि दार

प्लग काढल्यावर दार उघडून ड्रम हाताने फिरवावा. ही तपासणी फुकटची आहे, आणि तिच्याने जेवढे कळते तेवढे पुष्कळ उपकरणांनीही कळत नाही. निरोगी यंत्रात ड्रम सहज पण किंचित जड फिरतो, आणि मागून मोटर घरघरल्याचा बारीक आवाज येतो. ड्रम अगदी हलका, बिनआवाज फिरत राहिला तर पट्टा तुटला आहे किंवा कप्पीवरून उतरला आहे असे समजावे. तो एकाच जागी येऊन अडत असेल तर ड्रम आणि बाहेरील टाकी यांच्यामध्ये नाणे, केसांची पिन किंवा अंतर्वस्त्रातील तार अडकलेली असण्याचा संभव असतो. दगडी जात्यासारखा खरखराट येत असेल, आणि ड्रमची कड धरून वरखाली हलविता येत असेल, तर टाकीचे बेअरिंग गेले आहे. यांपैकी एकही दोष मोटरीचा नाही. परंतु या प्रत्येकात "ड्रम फिरत नाही" किंवा "मोटर आवाज करते" हीच तक्रार येते.

यंत्र नुकतेच नवीन घेतले असेल किंवा घर बदलताना हलविले असेल, तर मागील बाजूस प्रवासासाठी लावलेले लांब बोल्ट काढले आहेत की नाहीत तेही पाहावे. ते राहून गेले तर पिळताना सारे यंत्र नाचू लागते आणि दोष मोटरीला मिळतो.

ड्रम ठीक असेल तर यंत्र मोटरीला वीज देण्यास तयार आहे काय, हा प्रश्न येतो. दाराच्या कुलपाने दार पक्के लागल्याची सूचना दिली नाही तर नियंत्रण-फलक मोटरीला वीज देतच नाही. पंपाने पाणी उपसले नाही तर पिळण्याचा टप्पा सुरू होत नाही. तिसरे कारण तर दोषच नव्हे. एकटे जाड पायपुसणे किंवा एकच चादर यंत्रात टाकली, की ती एका बाजूस गोळा होते. १,२०० फेऱ्यांच्या वेगास कडेवर एका बाजूला राहिलेले एक किलो वजन ड्रमला जवळजवळ ३८५ किलोच्या ओढीने खेचते. वेग वाढविण्यापूर्वीच फिरण्यातील चढउतारांवरून यंत्र हे ओळखते, दोनचार वेळा कपडे पसरविण्याचा प्रयत्न करते आणि अखेर पिळण्याचे नाकारते. हा त्याचा शहाणपणा होय. त्यात आणखी दोन टॉवेल टाकावेत आणि पुन्हा पाहावे.

कार्बन ब्रश आणि कम्युटेटर

एक नेहमी आढळणारे उदाहरण घेऊ. यंत्र सहा-आठ वर्षे चांगले चालले आहे. चार शर्ट टाकले तर अजूनही धुते. चादरी टाकल्या की अर्ध्यावर थांबते. कधी पत्र्यावर थाप मारली की पुन्हा सुरू होते. मागून मधूनमधून तडतड आणि जळका वास येतो. अशा यंत्रातील मोटर जळलेली नसते. तिचे कार्बन ब्रश झिजलेले असतात.

सार्वत्रिक मोटरीत वीज फिरत्या आर्मेचरपर्यंत पोहोचविण्याचे काम कार्बनचे दोन चौकोनी तुकडे करतात. स्प्रिंगच्या दाबाने ते कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासत राहतात आणि झिजत जातात. त्यांनी झिजावे आणि तांबे वाचावे, अशीच योजना असते. तुकडा आखूड झाला की स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि स्पर्श कच्चा होतो. हलक्या भारास लागणारा थोडा प्रवाह अशा स्पर्शातूनही जातो. भार वाढला की अधिक प्रवाहाची गरज पडते, ठिणग्या उडतात आणि स्पर्श तुटतो. थापेच्या धक्क्याने तो क्षणभर पुन्हा जुळतो. थापेचा गुण एवढाच.

नवा ब्रश साधारणतः तीन-चार सेंटिमीटर लांब असतो. तो निम्म्याहून बराच कमी, दीड सेंटिमीटरच्या आत आला की बदलणे योग्य. एक ब्रश चांगला दिसला तरी दोन्ही एकदम बदलावेत. काही ब्रशांचे टोक तिरपे कापलेले असते. जुना काढताना उताराची दिशा पाहून ठेवावी आणि नवा तसाच बसवावा. दुकानांत "कार्बन" या एका नावाखाली वेगवेगळ्या आकारांचे व कठीणतेचे तुकडे मिळतात. मिक्सरचा तुकडा कानस लावून येथे बसविण्याचा मोह टाळावा. तो घरात अडकतो किंवा कम्युटेटर खातो.

ब्रश काढल्यावर कम्युटेटरकडे नीट पाहिले पाहिजे. तो गुळगुळीत आणि चॉकलेटी रंगाचा असावा. हा गडद थर स्वाभाविक आहे, तो घासून चकचकीत करण्याचे कारण नाही. एखादी पट्टी वर उचललेली असेल तर बोटाच्या नखाला ती लागते, आणि मोटर फिरताना टकटक आवाज येतो. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा काळ्या पडून खाल्ल्या गेल्या असतील तर आर्मेचरमधील त्या ठिकाणची तार तुटली आहे. अशा मोटरीत नवे ब्रश घालणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय. ते आठवड्या-दोन आठवड्यांत संपतात. "मोटर गेली" हे वाक्य येथे मात्र खरे असते.

वेगमापक आणि गुंडाळ्या

दुसरे लक्षण अगदी निराळे. ड्रम एकाएकी जोराने झेप घेतो, लगेच थांबतो, पुन्हा झेप घेतो, आणि तीनचार प्रयत्नांनंतर यंत्र हार मानते. येथे मोटरीत जोर आहे हे उघड आहे; तिच्या वेगाची सूचना फलकापर्यंत पोहोचत नाही. मोटर फिरतच नाही अशी फलकाची समजूत होते, म्हणून तो वीज वाढवितो, आणि मग सुरक्षिततेसाठी ती तोडतो. वेगमापकाच्या वेटोळ्याची तार तुटली असेल, त्याचा चुंबक आसावर सैल झाला असेल, किंवा जोडणीतील पिन गंजली असेल. प्लग काढलेल्या अवस्थेत मोटरीची जोडणी सोडवून या वेटोळ्याचा रोध मल्टिमीटरने मोजावा. निर्मात्यानुसार तो काही दशक ओहमांपासून काही शे ओहमांपर्यंत असतो. अनंत रोध आला तर तार तुटलेली. मीटर प्रत्यावर्ती व्होल्टवर ठेवून मोटर हाताने झटक्यात फिरविली तर थोडा विद्युत् दाब दिसलाच पाहिजे. रोध बरोबर आणि दाब शून्य, तर चुंबक पाहावा.

स्थिर गुंडाळीचा रोध सामान्यतः एक ते काही थोडे ओहम इतकाच असतो. तेव्हा मीटरच्या तारांचा स्वतःचा रोध वजा करण्यास विसरू नये. आर्मेचरचा रोध दोन ब्रशांमधून मोजावा आणि आस सावकाश फिरवीत राहावे. आकडा थोडा वरखाली होणे ठीक. एखाद्या जागी तो एकदम उसळला तर तेथे स्पर्श किंवा तार तुटलेली आहे. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कारण प्रत्येक निर्मात्याची पद्धत वेगळी असते. गुंडाळीतील उष्णता-रक्षकामुळे काही मोटरी दहा-पंधरा मिनिटे चालून बंद पडतात आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतात. अशा वेळी रक्षकाला दोष देण्याआधी मोटर इतकी का तापते, हे शोधणे बरे.

गुंडाळी आणि मोटरीचा सांगाडा यांच्यामधील निरोधन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावे लागते. ते एका मेगओहमच्या खाली आले तर मोटर वापरू नये. साध्या मल्टिमीटरने ही खात्री होत नाही. निरोधन खराब होण्याचे कारण बहुधा मोटरीच्या वर असते. टाकीच्या बेअरिंगमागील रबरी सील गळू लागली, की साबणाचे पाणी थेंबाथेंबाने पट्ट्यावर येते आणि फिरत्या पट्ट्यावरून मोटरीवर शिंपडले जाते. पांढरट डाग हा त्याचा पुरावा. सील न बदलता मोटर बदलली तर तिचीही तीच गत होते.

सुटी काढलेली मोटर खरोखर फिरते काय हे पाहण्यासाठी काही जण तिला थेट २३० व्होल्ट देतात. ही पद्धत अत्यंत घातक आहे. सार्वत्रिक मोटरीवर भार नसेल तर तिचा वेग वाढतच जातो, आर्मेचर फुटण्याची भीती असते, आणि सुरुवातीच्या धक्क्याने ती टेबलावरून उडी मारते. जाणते कारागीर मोटर शिकंजात घट्ट धरून, तिच्याबरोबर शंभर वॅटचा तारेचा दिवा मालिकेत जोडतात. या "सिरीज दिव्या"ने प्रवाह मर्यादित राहतो. मोटर सावकाश फिरली तर ती बहुधा ठीक. दिवा पूर्ण प्रखर पेटला आणि मोटर हललीही नाही, तर आत शॉर्ट आहे किंवा आर्मेचर अडकले आहे. दिवा मुळीच लागला नाही तर मार्ग कोठे तरी तुटला आहे. जोडण्या उघड्या असल्यामुळे हे काम विजेची सवय असलेल्यानेच करावे.

मोटर एकाच दिशेने फिरत असेल तर तिला निर्दोष समजण्यास हरकत नाही. सार्वत्रिक मोटरीची दिशा आर्मेचरच्या जोडण्यांची अदलाबदल करून बदलतात, आणि हे काम फलकावरील रिले करतात. जी मोटर उजवीकडे जोराने फिरते ती डावीकडेही फिरू शकते. रिलेचे स्पर्शबिंदू चिकटले किंवा जळले आहेत. याउलट यंत्र सुरू होताच ड्रम एकदम पूर्ण वेगाने सुटला, तर वीज नियंत्रित करणारा ट्रायॅक शॉर्ट झाला आहे. तत्काळ प्लग काढावा. भरलेल्या यंत्रात हा वेग टाकी फोडू शकतो.

इतर मोटरी आणि आपल्याकडील परिस्थिती

जुन्या प्रवर्तन मोटरीत ब्रश नसतात. ती नुसती गुणगुणते पण फिरत नाही, आणि वीज तोडून मोकळी केलेल्या मोटरीचा आस हाताने सहज फिरतो, असे आढळले तर बहुतेक वेळा कपॅसिटर, ज्याला कारागीर "कंडेन्सर" म्हणतात, तो निकामी झालेला असतो. ब्रशविरहित मोटरीत तीन गुंडाळ्यांचे रोध परस्परांशी सारखे आले पाहिजेत. ते सारखे असतील आणि निरोधन चांगले असेल, तर दोष वेगसंवेदकात किंवा फलकात शोधावा.

आपल्याकडे विजेचा दाब संध्याकाळी पुष्कळ उतरतो. तो २३० वरून १७० व्होल्टवर आला तर प्रवर्तन मोटरीची फिरविण्याची शक्ती जवळजवळ ५५ टक्क्यांवर येते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. जे यंत्र सकाळी चालते आणि रात्री अडते, त्याची मोटर उघडण्याआधी दाब मोजावा. उंदीर हा दुसरा शत्रू. पुष्कळ यंत्रांचा तळ उघडा असतो. उंदीर तेथून आत शिरतात आणि मोटरीच्या तारा कुरतडतात. वेगमापकाच्या दोन बारीक तारा तुटल्या तरी सारे यंत्र मुके होते. तारा वरून अखंड दिसल्या तरी जोडणीपासून फलकापर्यंत प्रत्येक तार मीटरने तपासावी, आणि दुरुस्तीनंतर तळाला जाळी लावावी.

नवे ब्रश घातल्यावर पहिल्या एकदोन धुलाया कपड्यांवाचून किंवा अगदी थोड्या कपड्यांनिशी, पिळण्याचा वेग कमी ठेवून कराव्यात. ब्रशांची टोके कम्युटेटरच्या गोलाईला बसेपर्यंत थोड्या ठिणग्या आणि किंचित वास येतो. तो दोनतीन धुलायांत नाहीसा झाला पाहिजे. न झाल्यास ब्रश पुन्हा काढून त्यांच्या टोकांकडे पाहावे : टोक सर्वत्र सारखे चकाकत असेल तर वाट पाहण्यास हरकत नाही, ते एकाच कडेला खडबडीत झाले असेल तर कम्युटेटर पुन्हा तपासावा.